त्रफिमाचं पुढं काय झालं

माझ्याकडे एक शाल आहे. पुलगावच्या चर्चमध्ये भोपळ्यांच्या ढिगाशेजारी मला उभं करून ती माझ्या खांद्यावर घातली गेली. एका म्हाताऱ्या माणसाची आजारपणात सेवा केल्याबद्दल. ती सेवा मी केलेली नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ती दर हिवाळ्यात शाल उन्हात घालते आणि शेजारणींना शालीची गोष्ट सांगते. तेव्हा मी घरात जातो.

तो म्हातारा माणूस माझा घरमालक. स्टेशनच्या अलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं घर होतं. एका खोलीत ते, दुसरीत मी, मध्ये फळ्यांची भिंत. दारूगोळ्याच्या डेपोत स्टोअरची नोकरी करून ते रिटायर झाले होते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणे. मी तेव्हा कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. खोली बघायला गेलो तर त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. गाव विचारलं.

"आंजी. मोठी."

"म्हंजे आंजीकर," ते म्हणाले. "बेस झालं. पुस्तकात मानसं गावानंच ओळखतेत. अरिमथाईकर योसेफ, कुरेनेकर शिमोन. आता नाव नको सांगू, घोटाळा होते."

पुस्तक म्हणजे बायबल. दुसरं पुस्तक त्यांच्या घरात नव्हतं. पण मोशे, दावीद, पेत्र अशा मोठ्या माणसांत त्यांना रस नसे. "त्याइले पाहाले लय लोक हायेत," असं म्हणून ते त्यांना बाजूला सारत. त्यांची माणसं म्हणजे एखाद्या ओळीपुरती येऊन जाणारी, ज्यांचं नाव वाचताना जीभ अडखळते आणि पुढच्या ओळीला ज्यांचा विसर पडतो ती. या माणसांची ते चौकशी करत. घरचं कोणी बरेच दिवस आलं नाही तर आपण करतो तशी.

सकाळी मी दात घासत असलो की फळ्यांच्या पलीकडून आवाज येई.

"आंजीकर, ओग राजाचा पलंग लोखंडाचा होता, म्हाईत हाय?"

"नाही काकाजी."

"लोखंडाचा. लांबी लिहिली हाय, रुंदी लिहिली हाय. राजानं काय केलं ते दोन शब्दात आटपलं, पन पलंगाचं माप पुरं. काऊन?"

"काऊन?"

"लिहिनारा स्टोअरवाला असन."

हे ते विनोद म्हणून सांगत नसत. त्यांचा विचार झालेला असे.

चर्चचे पास्टरसाहेब शिकलेले होते, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असे. काकाजी मूळ चार शब्दांना स्वतःचे चाळीस जोडत. रोदा नावाची एक मोलकरीण आहे. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून दारावर येतो, ती आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत सांगायला पळते. मजकूर एवढाच. काकाजींची रोदा मात्र आर्वीकडची होती, एका कानानं कमी ऐकायची, आणि तिला त्या घरात भाजी उरली तरच मिळायची. धर्म सांगत गावोगाव फिरणाऱ्या पौलाचा उपदेश ऐकता ऐकता खिडकीत झोपून खाली पडलेला युतुख दिवसभर हमाली करून आलेला होता. "नाईतं कोनी खिडकीत झोपते का?" ते विचारत. यावर पास्टरसाहेबांकडे उत्तर नसे, कारण हा प्रश्न सेमिनरीत, पास्टर घडवणाऱ्या शाळेत, कोणी विचारलेला नव्हता.

हे सगळं ते बाजारातही सांगत. किराणा दुकानाचे शेठ सकाळी गल्ल्याला उदबत्ती ओवाळून झाली की विचारत, "बोला काकाजी, आज कोण?" जसा तुरीचा भाव विचारावा. त्यामुळे पुलगावच्या त्या एका गल्लीत ही नावं रुळली होती. शेठच्या दुकानात पोत्यावर बसून डुलक्या घेणाऱ्या नोकराला सगळे युतुख म्हणत. त्याच्या बायकोलाही ते त्याचं घरचं नाव वाटायला लागलं होतं. कोणी पाहुण्याला दारात ताटकळत ठेवलं की शेठीण आतून ओरडे, "काय रोदा झाली का तू?" त्या घरात बायबल कोणी उघडलेलं नव्हतं.

चर्चमधले लोक बाळांची नावं काढायला त्यांच्याकडे येत आणि पस्तावत. ज्याचं नाव सुचवावं त्याचं पुढे काय झालं, ते काकाजी बाळासमोरच सांगत.

"देमास कसं वाटते काकाजी? छोटं हाय, मॉडर्न हाय."

"पळाला. पौलाले सोडून थेस्सलनीकास गेला. ठेवा, हरकत नाई."

एकदा एका जोडप्याला त्यांनी मफीबोशेथाची गोष्ट सांगितली. राजाचा नातू. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळत होती, तिच्या हातून तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. बाळाची आई रडायलाच आली. काकाजी म्हणाले, "दाईचं नाव नाई लिहिलं. घाईत होती बिचारी. काही लोकाइचं नाव न लिहिनं मेहरबानी असते." मग बाळाचं नाव त्या जोडप्यानं डेव्हिड ठेवलं.

रविवारी चर्चला मी कधीकधी त्यांच्यासोबत जाई. माझ्या आईला हे माहीत नव्हतं. धर्माबिर्माचं काही नव्हतं. त्यांना उतरताना पायरी दिसत नसे, आणि परत येताना भजी मिळत. तिथे एक रीत पडून गेली होती. वाचन संपलं की पास्टरसाहेब पुस्तक मिटायचे आणि तिसऱ्या बाकाकडे न बघताच थांबायचे. काकाजी उभे राहायचे. आजच्या वाचनात ज्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, त्याची ओळख करून द्यायचे आणि खाली बसायचे. मग उपदेश. बायका तोवर लेकरांची नाकं पुसून घेत.

ही रीत त्रफिमानं मोडली.

त्रफिम इफिस गावचा, पौलाचा सोबती. याच्यासोबत शहरात दिसला म्हणून पौलानं एकदा मार खाल्ला होता. आणि मग पौलाच्या शेवटच्या पत्रात, अगदी खाली, निरोप-नमस्कारांच्या गर्दीत, एक ओळ येते: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात मागे ठेवलं. संपलं. पुढे त्रफिम कुठेच नाही.

त्या रविवारी काकाजी उभे राहिले ते बसेचनात.

"पास्टरसाहेब, ज्या पौलाचे रुमाल नेऊन लावले तं लोक बरे होत होते, त्याले हा एक मानूस बरा करता आला नाई?"

"काकाजी, देवाची इच्छा असते."

"बरं, नाई झाला बरा. मंग थांबाले काय झालतं?"

"सेवेची घाई होती त्यांना."

"घाई? त्याच पत्रात म्हनते, येताना माहा झगा आन. पुस्तकं आन. थंडीच्या आंधी ये. झग्याची आठवन हाय त्याले. त्रफिमाले पाहून ये, असं काऊन नाई म्हनत?"

चर्चमध्ये कोणीतरी हसलं. पास्टरसाहेब म्हणाले, "पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही, काकाजी."

"लिहिलं नाई म्हंजे झालं नाई का? पडून होता तो तिथी. वाट पाहून राह्यला होता."

पुढचे कितीतरी रविवार वाचन कुठलंही असो, काकाजी त्रफिमावर येत. शेवटी चर्चची कमिटी बसली आणि ठरलं की काकाजींनी आठवड्याला एकच नाव घ्यावं, आणि त्रफिम घेऊ नये. काकाजींनी मान्य केलं. घरी मात्र फळ्यांपलीकडून एकदा मला म्हणाले, "आंजीकर, मानूस देवाचा असो का कोनाचा असो, आजारी मानसाले टाकून गेला तं त्याचं सगळं लेखन बाजूले राहते. मी तं माफ नसतो केला."

मी तेव्हा "हो" म्हणालो होतो. मनापासून म्हणालो होतो.

कापूस जिनिंगला येऊ लागला होता, त्या दिवसांत काकाजींना ताप भरला. दम लागे, बोलता येईना. सकाळच्या पॅसेंजरनं मी त्यांना वर्ध्याला दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटसंग कोण?" मी म्हणालो, "मी. पुतण्या." काकाजींनी माझ्याकडे पाहिलं.

मोठ्या दवाखान्यात पेशंटसोबत कोणी असणं म्हणजे नुसतं बसणं नसतं. रक्ताची बाटली तपासायला तुम्हीच नेता, रिपोर्ट तुम्हीच आणता, एक्स-रेला ढकलगाडी तुम्हीच ढकलता, औषधाच्या रांगेत तुम्हीच उभे राहता. खाटेखाली चटई टाकून तुम्हीच झोपता. ज्याच्यासोबत कोणी नाही, त्याचा कागद टेबलावर पडून राहतो. हे मला पहिल्या दिवशीच कळलं. कळलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. देवळीला मुलगी पाहायला जायचं आहे, आजच. मध्यस्थ म्हणतो, उद्या तिला बँकेतला मुलगा पाहायला येणार. माझं वय उलटत चाललं होतं. आधीची दोन स्थळं जिनिंगची नोकरी म्हटल्यावर गप्प झाली होती. मी आईला सांगितलं नाही की मी दवाखान्यात आहे. म्हणालो, येतो.

काकाजींच्या खाटेशी त्यांचा थर्मास होता, निळा. तो उचलला आणि म्हणालो, "काकाजी, चहा घेऊन येतो."

"साखर कमी सांगजो," ते म्हणाले.

मी थर्मास घेऊन पायऱ्या उतरलो. चहाच्या टपरीवरून पुढे गेलो. ऑटोत बसलो, बसस्टँडवर आलो, देवळीच्या बसमध्ये बसलो. थर्मास हातातच होता. देवळीच्या स्टँडवर आईनं पिशवीतून इस्त्रीचा शर्ट काढून दिला, तो मी स्टँडवरच्याच एका खोलीत बदलला आणि थर्मास घेऊन मुलगी पाहायला गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "हे काय जावईबापू, चहा घरून आणला का?" सगळे हसले. मी म्हणालो, ऑफिसचा आहे, दुरुस्तीला दिला होता. मग मुलीनं चहा आणला. फार गोड होता. मी पिऊन टाकला.

स्थळ जमलं. ती मुलगी आज माझी बायको आहे. "आमचे हे मला पाहायला थर्मास घेऊन आले," हे ती अजून हसून सांगते. शालीची गोष्टही सांगते. शाल ज्या दिवसांतल्या सेवेची, थर्मासही त्याच दिवसांतला, हे तिनं कधी जोडलं नाही, की जोडून गप्प बसली आहे, ते मला माहीत नाही.

त्याच संध्याकाळी परत जाता आलं असतं. घरचे म्हणाले, आता आंजीला चल, सुपारी फोडायचं ठरवून टाकू. मी गेलो. दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. तोवर मला एक अडचण पडली होती: जाऊन काय सांगायचं. तिसऱ्या दिवशी ती अडचण आणखी मोठी झाली. मी स्वतःला सांगितलं की चर्चचे लोक असतील, नर्स असते, दवाखाना आहे शेवटी. फोन मी बंद करून ठेवला होता. बॅटरी गेली असं पुढे सगळ्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी गेलो तर खाटेवर दुसराच माणूस. शेजारच्या खाटेखाली एक बाई चटईवर बसून भाकरी खात होती. तिचा नवरा वर झोपला होता. तिनं माझ्या हातातल्या थर्मासकडे पाहिलं.

"तुमीच का ते चहाले गेलेले?"

मी थर्मास मागे घेतला.

"बुढा गेला आज घरी, बरा होऊन. लोक आलते घ्याले." तिनं भाकरीचा घास संपवला. "मी याचं रक्त नेलं का त्याचंबी नेत होती. याची गोळी आनली का त्याचीबी. एकदा दोघाइचे रिपोर्ट बदलले, डॉक्टर चिल्लावला माह्यावर."

"मावशी, मी जरा..."

"बुढ्यानं नाव नाई ठेवलं तुमाले. डॉक्टर विचारे, संग कोन हाय? तं म्हने, पुतन्या हाय, आत्ताच चहाले गेला. चर्चवाले आले, तं आत्ताच चहाले गेला. दुपारी आले, आत्ताच गेला. लय मोठा चहा होता बाप्पा तुमचा."

ती माझ्याकडे रागानं बघत नव्हती. मी निघालो. तिचं नाव विचारलं नाही. एका ओळीपुरत्या माणसांच्या गोष्टी मी इतकी वर्षं फळ्यांपलीकडून ऐकल्या होत्या, आणि तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. हिंगणघाटकडची असावी, बोलण्यावरून.

पुलगावला आलो तेव्हा काकाजी खाटेवर बसून दलिया खात होते. मी थर्मास टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला, कानाशी हलवून पाहिला, परत ठेवला.

"राहू दे तुह्याजवळ," ते म्हणाले. "कामी पडते."

एवढंच. मी काही तरी सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "देवळीची पोरगी कशी हाय?" शेठकडून त्यांना कळलं असावं, पुलगावात अशी बातमी माणसाच्या आधी पोचते. मी म्हणालो, चांगली आहे. ते म्हणाले, "बेस."

चर्चमध्ये मात्र बोलबाला झाला होता. पास्टरसाहेब दोनदा दवाखान्यात जाऊन आले होते, महिला मंडळ एकदा, आणि प्रत्येक वेळी मी आत्ताच चहाला गेलेलो. "काय धावपळ करते पोरगा, एका जागी दिसत नाई," असं महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. आपल्यातला नसून, नात्याचा नसून, असं सगळे म्हणत. कमिटी पुन्हा बसली आणि कापणीच्या सणाला माझा सत्कार करायचं ठरलं.

कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून वाहतात आणि मग त्याचा लिलाव होतो. त्या दिवशी वेदीसमोर भोपळे होते, संत्री होती, तुरीच्या शेंगा होत्या, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या होत्या. मला त्यांच्या शेजारी उभं केलं. पास्टरसाहेब चांगल्या शोमरोन्यावर बोलले. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाजवळ जो थांबला, तो. "आणि हा आपला आंजीचा शोमरोनी," ते म्हणाले, आणि खांद्यावर शाल, हातात नारळ. टाळ्या वाजल्या. एक कोंबडी ओरडली. मी काकाजींकडे पाहिलं नाही.

मग पास्टरसाहेब म्हणाले, "काकाजी, दोन शब्द."

काकाजी तिसऱ्या बाकावरून उठले. बाक धरून उभे राहिले.

"आजचं नाव," ते म्हणाले, "त्रफिम."

सगळं चर्च कण्हलं. कमिटीतले एक गृहस्थ अर्धे उभे राहिले, पण आजारातून उठलेल्या माणसाला काय बोलणार म्हणून बसले.

"मी तुमाले आजवर चुकीचं सांगत आलो," काकाजी म्हणाले. "त्रफिमानंच पौलाले म्हटलं असन. तू जाय, तुले काम हाय. इथी बसून काय करशीन. मी होतो बरा."

पास्टरसाहेबांनी हळूच विचारलं, "हे कुठं लिहिलंय, काकाजी?"

"लिहिलं नाई," काकाजी म्हणाले, आणि बसले.

मी नारळ धरून उभा होतो. माझ्याशिवाय कोणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. लिलाव सुरू झाला.

त्यानंतर त्यांनी त्रफिमाचं नाव कधी घेतलं नाही. लग्न झाल्यावर मी सिंदी मेघेला राहायला गेलो. महिन्याकाठी त्यांच्याकडे जाई. ते मला पूर्वीसारखीच एखाद्या नव्या माणसाची ओळख करून देत, जणू मधले दिवस नव्हतेच. मला अनेकदा वाटलं की आता बोलावं. पण बोललो असतो तर त्यांनी माझ्यासाठी पुस्तकाबाहेर जाऊन सांगितलेलं ते खोटं मी त्यांच्या तोंडावर फोडलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण तेच होतं जे आंजीत तीन दिवस होतं: सांगायचं काय. ते गेले तेव्हा चर्चच्या मंडळीनं मला खांदा द्यायला बोलावलं, पुतण्या म्हणून. मी दिला.

आता नवे पास्टरसाहेब आले आहेत. यंदाच्या कापणीच्या सणाला तरुणांसमोर आजाऱ्यांच्या सेवेवर चार शब्द बोला, असा त्यांचा फोन आला. बायकोनं शाल ड्रायक्लीनला टाकली आहे. मी हो म्हणालो आहे, पण काय बोलणार ते तिला सांगितलेलं नाही.

काकाजींनी त्रफिमाचं पुढचं सांगितलं ते खरं नव्हतं. मला कोणी जा म्हटलं नव्हतं. ती शाल हिंगणघाटकडच्या त्या बाईची आहे, आणि तिचं नाव मला माहीत नाही, म्हणून ती परत करता येत नाही. उरतं ते एक वाक्य, पौलानं लिहून टाकलं तसं: ते आजारी होते, त्यांना मी तिथे सोडून गेलो. तेवढं मी त्या मंडळीचं देणं लागतो.